डबा बोलतो

उल्हास नदी आमच्या मांजर्लीत शिरली त्या दुपारी माझे वडील उलट्या दिशेला चालत निघाले होते.

पाणी कमरेपर्यंत आलेलं. बाबांच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, तिच्यात रेशनकार्ड, माझ्या मार्कशीट आणि घरात कोरडं म्हणून जे काही उरलं होतं ते. समोरच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरून एक काकू ओरडत होत्या, "इकडं या, इकडं. जिना मोकळा आहे." आई आणि मी तिकडं वळलो. बाबा थांबले, मान चारी बाजूंना फिरवली आणि बरोब्बर नाल्याच्या अंगाला पाय टाकला. आईनं मागून त्यांचा शर्ट धरला. शर्ट टरकला, पण माणूस हातात राहिला.

वर पोचल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, घसा फुटेस्तोवर बोलावतेय मी, तुम्ही तिकडं कुठं निघालात, पोहायला?"

"पाण्याच्या आवाजात कळलं नाही," बाबा म्हणाले आणि हसले.

ते खरं नव्हतं. बाबांचा डावा कान गेलेला होता. उजवा चांगला होता, त्यामुळं बोललेलं सगळं ऐकू यायचं. पण एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, तो कुठून आला ते कळत नाही. रस्त्यात कुणी हाक मारली की बाबा जागच्या जागी सगळे गोल फिरायचे. लहानपणी मला ती त्यांची गंमत वाटायची. मी मुद्दाम लपून हाका मारायची. त्याची आज लाज वाटते.

कान अंबरनाथच्या कारखान्यात गेला. बाबा पॅटर्न शॉपला होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते, तिला पॅटर्न म्हणतात. चौथी शिकलेला माणूस, पण ड्रॉइंग बघून केसाएवढ्या मापात लाकूड उतरवायचा. त्यांच्या बाकाच्या डाव्या हाताला पत्र्याची भिंत होती आणि भिंतीपलीकडं ओतलेल्या लोखंडाच्या कडा छिन्नीनं तोडायचं खातं. सतरा वर्षं तो आवाज डाव्या बाजूनं येत राहिला. मग एक दिवस गेटवर नोटीस लागली, कारखाना बंद झाला, आणि तो आवाजही बंद झाला. कान तोवर संपला होता.

अंबरनाथची खोली सोडून आम्ही मांजर्लीला आलो, कारण तिथं पाणी भरतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणून तिथली खोली आम्हाला झेपत होती. आई एका औषध कंपनीत पॅकिंगला जायची, कंत्राटावर. बाबा कधी मंडपाचं लाकूडकाम, कधी कुणाचं मोडकं कपाट. मी कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होते. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात बारावीच्या पुढं तोवर कुणी गेलं नव्हतं. हे मी मिरवायची. कोकणातून कुणी पाहुणा आला की पुस्तक मुद्दाम त्याच्यासमोर उघडून बसायची.

पुराच्या थोडं आधी बाबांना उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेटच्या गाळ्यात काम लागलं होतं. पुढं दुकान, मागं कारखाना. तिथं होम थिएटर बनायचं. त्या वर्षांत ज्याच्या घरी रंगीत टीव्ही होता त्याला होम थिएटरही हवं झालं होतं. पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा डबा, ज्याला सगळे वूफर म्हणतात, ज्याच्यातून फक्त धडधड येते. सर्किट बाहेरून यायचं, स्पीकर बाहेरून यायचे, डबे मात्र गाळ्यातच. पहिल्याच दिवशी शेटनं बाबांना सांगितलं, "मास्टर, एक बात याद रखना. डब्बा बोलना नहीं चाहिए."

हा तिथला शब्द. धडधड ऐकू आली पाहिजे, छातीत जाणवली पाहिजे, पण ती कुठल्या कोपऱ्यातून येतेय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. माणूस डबा सोफ्यामागं लपवतो आणि त्याला वाटतं की आवाज टीव्हीतून, भिंतीतून, सगळ्या खोलीतून येतोय. ज्याच्याकडं कान वळतो, बोट जातं, तो डबा बोलतो. तो वाईट. चांगला डबा मुका.

बाबा घरी येऊन आईला सांगायचे, "माझा डबा मुका असतो." पॅटर्न शॉपच्या माणसाला जोड बसवायला काय शिकवायचं? चार फळ्या अशा जुळवायचे की मधून कागद जाऊ नये. कानाची गोष्ट त्यांनी शेटला सांगितली नव्हती. शेट बोलायला आला की ते हळूच असे उभे राहायचे की शेट उजवीकडं येईल. कित्येक महिने कुणाला कळलं नाही.

ज्या दिवशी नदी आमच्या घरात आली त्याच दिवशी वालधुनी नदी शेटच्या गोदामात शिरली. डब्यांच्या लाकडाचे बोर्ड भिजले, गच्चीवर वाळत घातले गेले. गाळ्यातला चिखल काढायला आठवडा गेला, मग काम परत सुरू झालं.

दिवाळीनंतर पहिला लॉट परत आला.

कल्याणचा एक डीलर होता, शेटचा निम्मा माल त्याच्याकडं जायचा. त्यानं बारातले सात डबे परत पाठवले. प्रत्येकाच्या पाठीवर खडूनं लिहिलेलं, 'बोलता है'. शेट हसला, म्हणाला, होतं कधीतरी. पुढच्या लॉटमधले नऊ आले. तेव्हा हसला नाही. त्यानंतरच्या लॉटला डीलरनं डबे उघडून बघायचीही तसदी घेतली नाही, अख्खा टेम्पो वळवून पाठवला.

बाबा प्रत्येक डबा लावून ऐकायचे. त्यांना तो मुकाच वाटायचा. त्यांना सगळेच डबे मुके वाटणार होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं का, मला ठाऊक नाही. माझ्या आलं नाही. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसायचे. ताट पुढं आलं की दोन घास खाऊन बाजूला सारायचे. एकदा म्हणाले, "हात गेला वाटतं माझा." मी बाबांना असं कधी बोलताना ऐकलं नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हाही नाही.

शेटनं सांगून टाकलं की आणखी एक लॉट. तोही परत आला तर दुसरा मास्टर.

आईनं त्याच संध्याकाळी विषय काढला. "एक तारखेपासून पॅकिंगला नव्या बाया घेणारेत. सुपरवायझरला तुझं नाव सांगितलंय."

"आई, मार्चमध्ये परीक्षा आहे."

"मार्चपर्यंत काय खायचं? तुझ्या वह्या?"

"प्रॅक्टिकल बुडालं तर वर्ष जाईल माझं."

"माझी सगळीच गेली. मी कधी काही बोलले?"

मी बाबांकडं बघितलं. ते म्हणाले, "लॉट गेला तर नको पाठवू तिला. नाही गेला तर बघू." आई म्हणाली, "बघू म्हणजे काय ते मला माहितीय. तुम्ही बघत बसाल, ही जाईल." मी पांघरूण डोक्यावर ओढून रडले. पोरीच्या जातीला शिकायला मिळतंय तेवढं पुरे, असं म्हणणारे नातेवाईक डोळ्यांपुढं आले. पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या आईच्या सुजलेल्या घोट्यांकडं तर मी रोजच बघत होते. दोन वर्षं पास झालेली पोरगी तिसऱ्या वर्षाला, चार महिने बाकी असताना, गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरणार होती.

मग मला वाटलं, माझ्याकडं उत्तर आहे. पुस्तकातच आहे.

आवाज कुठून आला हे डोक्याला दोन कानांमधल्या फरकानं कळतं. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. पण वूफरची लाट फार लांब असते. सेकंदाला ऐंशी कंपनं धरली तर एक लाट चौदा फुटांच्या आसपास. आपलं डोकं वीतभर. एवढ्या लाटेला डोकं आडवं येतच नाही, दोन्ही कानांत ती जवळजवळ एकसारखी पोचते. त्यात खोलीच्या भिंती तिला परतवत राहतात. म्हणजे त्या धडधडीपुढं सगळी माणसं बाबांसारखीच, एका कानाची. मग गिऱ्हाईक बोट दाखवेलच कसं? डीलर खोटं बोलत होता. माल परत करायला निमित्त शोधत होता.

पुस्तक घेऊन मी थेट गाळ्यात गेले. बाबा "तू कशाला आलीस" म्हणेपर्यंत मी शेटच्या टेबलापुढं होते. मी सगळं सांगितलं. मोडक्या हिंदीत, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द टाकून, आकृती काढून. सोल्डरिंग करणाऱ्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. शेटनंही ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता.

"मतलब पता चल ही नहीं सकता?" त्यानं विचारलं.

"नाही चल सकता. सायन्स है."

"अच्छा. ओढणी से आँख बांध, बेटी."

माझ्याच ओढणीनं डोळे बांधले. एका बाईनं खांद्याला धरून मला तीन-चार वेळा गरगर फिरवलं. बायका खिदळत होत्या. मग गाणं लागलं, जमीन हादरायला लागली. शेट म्हणाला, "उंगली दिखा."

मी बोट दाखवलं. विचारही करावा लागला नाही. ओढणी सोडली तेव्हा माझं बोट सरळ बाबांच्या डब्यावर होतं.

कुणीतरी म्हणालं, "गई सायन्स." सगळ्या हसल्या. शेट हसला नाही. उलट समजावल्यासारखं म्हणाला, "देख, तेरा भी कान गया ना उधर? गिऱ्हाईक झूठ नहीं बोलता. तेरे बाप को सुनाई क्यों नहीं देता, ये मेरे को समझ नहीं आता."

तिथं मी चुकले. मला फक्त बाबांचा हात वाईट नाही एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "उनका एक कान खराब है ना, इसलिये."

गाणं चालूच होतं. बाबा करवतीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं, कारण उजवा कान आमच्या बाजूला होता.

शेट खुर्चीत मागं टेकला. "वाह साईं. मैं बहरे आदमी से स्पीकर बनवा रहा हूँ."

त्या दिवशी गाळ्यातून घरापर्यंत बाबा माझ्या दोन पावलं पुढंच राहिले. घरी पोचल्यावर आईनं विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "काही नाही. तिनं खरं सांगितलं." मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

एक तारखेला आठ दिवस होते. मी कॉलेजला जात होते ते सवयीनं. प्रॅक्टिकलला माझ्या टेबलावर ऑसिलेटर होता, म्हणजे हवी तेवढी कंपनं देणारं यंत्र, आणि त्याला जोडलेला प्लायवर ठोकलेला एक मोठा स्पीकर. प्रयोग दुसराच होता. तो संपवून मी कंपनं खाली आणत गेले, शंभरच्या खाली, आणखी खाली. मन कुठंच नव्हतं. खोलीभर घुं असा आवाज झाला.

लॅबचे शिपाईमामा दारातून आत आले. "पंप कुणी चालू ठेवला?" म्हणत खिडकीबाहेर वाकून बघितलं. मग पॅसेजमध्ये गेले. पलीकडच्या लॅबचं दार उघडून बंद केल्याचं ऐकू आलं. परत आले. "कुठून येतंय हे? डोकं घुमायला लागलं माझं." माझ्या टेबलापासून चार पावलांवर उभे राहून ते छताच्या पंख्याकडं बघत होते.

मला हसूही आलं नाही. मी नुसतं आवाजाचं बटण थोडं वाढवलं. त्याबरोबर प्लायचा एक ढिला स्क्रू थरथरायला लागला, टर्र करून. मामा ताडकन वळले, सरळ टेबलापाशी आले आणि स्क्रूवर अंगठा दाबला. "हा बघ. हा इथं खडखडतोय. सांगायचं नाही का मग?"

मी मामांना म्हणाले, "मामा, परत एकदा बाहेर जाऊन या ना."

"कशाला?"

"जा ना."

ते कुरकुरत गेले, आले. स्क्रू मी घट्ट दाबून धरला होता. त्यांना कळलं नाही. सोडला, लगेच कळलं. तीनदा केलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुझ्या घरी काही टेन्शन आहे का बाई?"

पुस्तक खोटं नव्हतं आणि गिऱ्हाईकही खोटं नव्हतं. लोक धडधडीकडं बोट दाखवतच नव्हते. धडधडीबरोबर डब्यातून दुसरा काहीतरी बारीक, उंच आवाज निघत होता, फुसफुस नाहीतर थरथर. उंच आवाजाची लाट आखूड असते, तिची दिशा दोन कानांना तत्काळ कळते. कान त्याला धरतो, आणि मग माणसाला वाटतं की सगळी धडधड तिथूनच येतेय. तो बारीक आवाज मोठ्या आवाजातून वेगळा काढायला दोन कान लागतात. बाबांकडं एकच होता.

म्हणजे दोष डब्यातच होता. बाबांच्या हातच्या डब्यात. हे त्यांना मीच सांगायचं होतं, त्यांचा कान चव्हाट्यावर आणणाऱ्या पोरीनं.

सांगितलं. मान खाली घालून, भराभर. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "उद्या गाळा बंद आहे. चावी मागतो."

शेवटच्या लॉटपुरतं बाबांना ठेवून घेतलेल्या शेटनं चावी दिली. देताना म्हणाला, "ले जा. वैसे भी वापस करनी है तेरे को."

गाळ्यात आम्ही दोघंच. पाठवायच्या शेवटच्या लॉटचे बारा डबे ओळीनं मांडलेले. बाबांनी एक जोडला. शेटच्या टेस्टिंगच्या सीडीत एक नुसता घुमणारा सूर होता, तो मी लावला. मला फुसफुस ऐकू आली, पण ती डब्याच्या मागच्या बाजूला आहे एवढंच. नेमकी कुठं ते सांगता येईना. मी जोडावरून बोट फिरवलं, कान जवळ नेला, तर धडधडीनं डोकंच बधिर झालं. बाबा बाजूला बसून माझ्याकडं बघत होते. ज्या माणसानं केसाएवढी मापं पकडली त्याला स्वतःच्या डब्याची खोट शोधायला पोरीचे कान लागत होते.

मग ते उठले आणि कोपऱ्यातून लेव्हल पाइप घेऊन आले. गवंडी पाणी भरून पातळी बघतात ती पारदर्शक नळी. तिचा हातभर तुकडा कापला. एक टोक उजव्या कानात धरलं, दुसरं टोक जोडापासून बोटभर अंतरावर ठेवून हळूहळू सरकवत नेलं. आधी वरची कड. काही नाही. मग डावी. कोपऱ्यावर आल्यावर हात थांबला. मागं नेला, पुन्हा पुढं आणला.

"इथं आहे," बाबा म्हणाले. "सापासारखं फुसफुसतंय." पेन्सिलनं खूण केली.

नळीचं टोक जिथं, आवाज तिथं. दिशा ओळखायची गरजच उरली नव्हती. मी कान लावून अर्धा तास घालवला होता, त्यांनी पाच मिनिटांत एका डब्यावर चार खुणा केल्या. बारा डबे होईपर्यंत दुपार कलली. जवळजवळ सगळ्या खुणा कोपऱ्यांवर होत्या, जिथं दोन कडा भेटतात तिथं.

शेवटचा डबा बाजूला ठेवून बाबा जमिनीवर बसले. नळी हातातच होती.

"मला ठाऊक होतं, बाय," ते म्हणाले.

"काय?"

"बोर्ड. पुरात भिजलेला. कडा भाकरीसारख्या फुगल्या होत्या. रंधा मारून सारख्या केल्या मी, पण आतून तो भुसाच झालेला. असला बोर्ड गोंद धरत नाही. पॅटर्न शॉपला असलं लाकूड मी दारात ठेवलं नसतं."

"मग शेटला सांगायचं ना."

"सांगून? दुसरा म्हणाला असता, मी करतो." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि वाटलं, वाजवून बघतोय ना मी. खराब असता तर ऐकू आला असता."

मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकून बसले. मला पहिल्यांदा कळलं की त्यांनी शेटपासून कान लपवला त्याहून जास्त स्वतःपासून लपवला होता.

उठल्यावर त्यांनी काम सुरू केलं. पॅटर्नच्या आतल्या काटकोनी कोपऱ्यात गोलाई भरायची पद्धत असते, नाहीतर ओतलेलं लोखंड तिथं तडकतं. तेच त्यांनी डब्यात केलं. भुसा आणि गोंद मळून प्रत्येक आतल्या कोपऱ्यात अंगठ्यानं दाबत नेला आणि वरून गोल टोकाच्या लाकडानं घोटला. मी मळत होते, ते भरत होते. तीन डब्यांच्या कडा हातातच सुटल्या. ते त्यांनी हातोडीनं फोडले. फोडताना त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवलं नाही.

शेट आल्यावर बाबा स्वतः पुढं गेले. "शेट, बारामधले तीन फोडले. बोर्ड भिजका आहे. मेरे को मालूम था, मैं बोला नहीं. गलती मेरी है."

शेटनं फोडलेल्या फळ्या बघितल्या. एक तुकडा उचलून बोटांनी चुरला. "मालूम तो मेरे को भी था, मास्टर," तो म्हणाला. मग तोंड फिरवून बायकांवर ओरडला की इथं तमाशा आहे का.

डीलर एक तारखेच्या आदल्या दिवशी आला. सोबत त्याचा एक माणूस, माल तपासणारा. मी कॉलेज बुडवून गाळ्यात उभी होते. मला कुणी जा म्हणालं नाही. दुकानात सगळा सेट मांडलेला होता, टीव्हीच्या आजूबाजूला पाच छोटे स्पीकर, आणि बाबांचा डबा पडद्याआड. गाणं लागलं. काउंटरची काच थरथरली. तो माणूस कान टवकारून फिरला. डावीकडं, उजवीकडं, परत मध्ये. दारापाशी उभ्या बाबांचा चेहरा मातीसारखा झालेला. त्यांना तर काहीच कळायला मार्ग नव्हता, ते फक्त त्या माणसाच्या पायांकडं बघत होते.

तो माणूस टीव्हीजवळच्या एका छोट्या स्पीकरपाशी गेला आणि त्याच्यावर तळहात ठेवला. "इसमें बेस है? बड़ा अच्छा है."

शेट म्हणाला, "उसमें कुछ नहीं है, साईं. वूफर ढूंढ."

"चालू है वूफर?"

"तू बता."

त्यानं पुन्हा एक चक्कर मारली. पडद्याच्या अगदी समोरून गेला. शेवटी डीलरच वैतागून म्हणाला, "अरे छोड़, दिखा दे." पडदा सारला. त्या माणसानं डब्याच्या हवेच्या भोकापुढं हात धरला, वारा लागला तेव्हा कुठं त्याचा विश्वास बसला. नऊच्या नऊ डबे त्यानं असेच लावून बघितले. दोन डब्यांबद्दल त्याला शंका आली, ते बाजूला काढले. सात टेम्पोत चढले.

शेटनं भिजलेले उरलेले बोर्ड गाळ्यातून बाहेर काढायला लावले. पण त्या दिवसापासून गाळ्यात बाबांचं नाव 'बहरा मास्टर' पडलं. प्रेमानंच म्हणायचे, सगळे त्यांच्या उजवीकडून येऊन मोठ्यानं बोलायचे. बाबांना ते कधी आवडलं नाही, आणि ते नाव माझ्यामुळं पडलं हे मी विसरले नाही.

आईनं सुपरवायझरला निरोप पाठवला की पोरगी येत नाही. मला म्हणाली, "नापास झालीस तर मात्र बघ."

त्यानंतर लॉट परत आला नाही. बाबांचं काम टिकलं. मार्चमध्ये मी परीक्षेला बसले आणि फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी.